सेट : एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत किती क्रियापदं लागतात?

कानामात्रा
घरगुती सुतारकामाच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर हातात आहे. कुंपणाच्या प्रकरणात एकाच पानावर 'सेट' पाच वेळा येतो आणि पाचही वेळा वेगळं काम सांगतो. 'सेट द पोस्ट' म्हणजे खांब उभा करा. 'सेट इट प्लंब' म्हणजे तो सरळ उभ्या रेषेत आणा. 'लेट द काँक्रीट सेट' म्हणजे काँक्रीट घट्ट होऊ द्या. 'चेक द सेट ऑफ द सॉ' हे करवतीच्या दातांबद्दल, आणि 'सेट द नेल' खिळ्याबद्दल.

सगळीकडे 'सेट करा' लिहिलं तर वाचणाऱ्याला 'कळलं' असं वाटेल, पण हाताने नेमकं काय करायचं ते कळणार नाही. माझं मत असं की मराठीत या प्रत्येक कामाला आपलं क्रियापद आहे आणि 'सेट'मुळे ती मागे पडत चालली आहेत. तुमच्या कामात हा शब्द कुठे येतो, तिथे तुम्ही काय म्हणता, आणि 'सेट' म्हणजे तिथे नेमकं काय घडतं, ते सांगाल का?

शेवंती_७
दही लागतं. विरजण लागतं. दही 'सेट' होतं हे डब्यावर छापायला लागल्यापासूनचं.

मुळाक्षर
कानामात्रा, एक गंमत आधीच सांगते, पुढे उपयोगी पडेल. इंग्रजी 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या जर्मानिक भाषांपासून ही जोडी चालत आली आहे. त्याच मूळ धातूचं संस्कृत भावंड म्हणजे 'सद्'. सदन, संसद, परिषद, सभासद हे सगळे शब्द त्यातले. आपलं 'बसणे' मात्र त्या कुळातलं नाही, ते 'उपविशति'पासून प्राकृतातून आलं. कुळ वेगळं असलं तरी अर्थ तोच, त्यामुळे जिथे 'सेट' अडेल तिथे आधी 'बसवणे' लावून पाहावं. खडा बसवणे, हाड बसवणे, फरशी बसवणे, चाल बसवणे, नाटक बसवणे.

लंबक
मुळाक्षर, मग 'टी सेट', 'सेट ऑफ बुक्स' यातला सेट बसवणे कसा? तिथे तर संच आहे.

मुळाक्षर
बरोबर पकडलंत. तो बराचसा वेगळा शब्द आहे. लॅटिन 'सेक्टा' म्हणजे अनुयायांचा गट, त्यावरून जुन्या फ्रेंचमधून 'सेट' आला. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एक झाला आणि अर्थ एकमेकांत मिसळले. म्हणून इंग्रजी नामाला दोन मुळं आहेत. पंथाला 'सेक्ट' म्हणतात तोही त्याच लॅटिन शब्दाचा.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती. नुसत्या क्रियापदाचे 430 अर्थ आणि सुमारे 60,000 शब्दांचा मजकूर. आता नव्याने होणाऱ्या आवृत्तीत 'रन'ने त्याला मागे टाकलं आहे.

वाळू_सिमेंट
काँक्रीटचं मी सांगतो, कारण इथे भाषेतली चूक थेट कामात उतरते.

'सेट होणे' आणि 'पक्कं होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट म्हणजे मालाचा वाहतेपणा गेला आणि तो आकार धरून राहू लागला, इतकंच. ताकद त्यानंतर येत राहते आणि ती 28 दिवसांवर मोजतात. प्रयोगशाळेत सेटिंग मोजायला व्हिकाट नावाचं साधन असतं. साच्यात सिमेंटची लगदी भरतात आणि वरून 1 चौरस मिलिमीटर छेदाची सुई आपल्या वजनाने सोडतात. सुरुवातीला ती थेट तळापर्यंत जाते. ती तळापासून साधारण 5 मिलिमीटरवर अडली की 'इनिशियल सेट'. पुढे सुईचा नुसता ठसा उमटतो पण तिच्याभोवतीच्या कड्याचा उमटत नाही, तो 'फायनल सेट'. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकाची अट अशी की पहिला टप्पा 30 मिनिटांच्या आत येता कामा नये आणि दुसरा 600 मिनिटांच्या पुढे जाता कामा नये.

या पहिल्या टप्प्याला गवंडी 'माल आवळला' किंवा 'सिमेंटने धरलं' म्हणतात. आवळलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा मऊ करून वापरणं ही सर्रास होणारी चूक. तयार होऊ लागलेली जोड त्यात मोडते आणि वरचं पाणी पोकळ्या सोडून जातं. पुस्तिकेत 'काँक्रीट सेट झाल्यावर टेकू काढा' असं लिहिलंत तर माणूस त्याच संध्याकाळी टेकू काढेल. कृपया असं लिहू नका.

लंबक
पण मग कारखान्यात सिमेंटमध्ये जिप्सम घालतात ते कशासाठी? तेही सेटिंगसाठीच ना?

वाळू_सिमेंट
हो, सेटिंग लांबवण्यासाठी. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, नुसता दळला तर पाणी पडताच काही मिनिटांत माल दगड होतो, त्याला फ्लॅश सेट म्हणतात. दळताना थोडं जिप्सम घातलं की ती घाई थांबते. पण दळण फार तापलं तर जिप्सममधलं पाणी उडून त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिससारखं होतं. मग पाणी घालताच माल ताठरतो, पण तो खोटा सेट. तो ओळखायचा कसा, तर वर पाणी न घालता तसाच जोराने घोटायचा. खोटा असेल तर माल पुन्हा मऊ होतो, फ्लॅश सेट असेल तर होत नाही.

शेवंती_७
'आवळला' हा शब्द लिहून ठेवला. स्वयंपाकात पाक आवळतो, खवा आवळतो, तोच हा.

अस्थिसंधी
वाळू_सिमेंट यांनी प्लास्टरचा उल्लेख केलाच आहे तर आमच्याकडचं. हाताच्या प्लास्टरलाही हाच फरक लागू आहे. पट्टी पाण्यात भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत कडक होते, तेव्हा ती सेट झाली. पण आतलं जादा पाणी उडून ती पूर्ण वाळायला जाडीप्रमाणे 24 ते 72 तास लागतात. पायाच्या प्लास्टरवर भार देण्याची परवानगी असली तरी तोपर्यंत द्यायचा नाही. ओलं प्लास्टर उचलताना बोटांच्या टोकांनी धरलं तर खळगा पडतो आणि तो आतून कातडीला रुततो. म्हणून उघड्या तळहातांवर उचलतात.

सेट होताना प्लास्टर गरम होतं. पाणी जितकं गरम तितकं सेटिंग लवकर आणि उष्णताही जास्त. कढत पाणी, जाड थर आणि वर उशी किंवा पांघरूण, हे तिन्ही जमलं तर कातडी भाजू शकते. म्हणून पाणी कोमट किंवा साधं.

आणि 'सेट द बोन' म्हणजे हाड बसवणे, म्हणजे सरकलेली टोकं जागेवर आणणे. हाड जुळून येणं ही पुढच्या आठवड्यांची गोष्ट. बसवतो माणूस, जुळून येतं ते आपलं आपण.

मुळाक्षर
वा. सकर्मक आणि अकर्मक यातला फरक इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचित वाचायला मिळतो. इंग्रजी 'सेट' दोन्हीकडे चालतो, आपल्याला मात्र दोन क्रियापदं लागतात. आणि ते बरंच आहे.

रंधा_पटाशी
कानामात्रा, करवतीचा 'सेट' हा तुमच्या पानातला सर्वांत अवघड भाग, म्हणून सविस्तर लिहितो.

करवतीचे दात नीट पाहा. एक दात डावीकडे झुकलेला असतो, पुढचा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. या झुकावाला सेट म्हणतात. तो असतो म्हणून काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पातं कापात मोकळं चालतं. झुकाव नसेल तर लाकूड पात्याला दोन्ही बाजूंनी धरतं, पातं तापतं आणि अडकतं. ओल्या लाकडाला झुकाव जास्त लागतो, कारण तंतू फुगलेले आणि भुसा चिकट असतो. वाळलेल्या सागाला कमी पुरतो. काप पात्याच्या दीडपट रुंद पडला तर सर्वसाधारण कामाला तेवढं बस्स.

करवतीला धार लावायची तर क्रम असा. पहिल्यांदा सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीत फिरवून सगळे दात एका उंचीला आणायचे. मग तिकोनी कानशीने दातांचा आकार सारखा करायचा. त्यानंतर झुकाव द्यायचा. त्यासाठी पकडीसारखं हत्यार येतं. त्यात एक छोटा दट्ट्या दाताला मागच्या तिरप्या ऐरणीवर दाबतो. ऐरण चक्रीसारखी फिरते आणि तिच्यावर आकडे असतात, ते दातांच्या संख्येप्रमाणे लावायचे. एका बाजूने जाताना एक आड एक दात दाबायचे, मग करवत उलटी धरून राहिलेले. धारेची कानस सगळ्यांत शेवटी.

दात फक्त वरच्या अर्ध्या भागात वाकवायचा. मुळापासून वाकवला तर मोडतो किंवा पात्याला तडा जातो. आणि एकदा डावीकडे असलेला दात उजवीकडे फिरवायचा नाही, तिथेच तुटतो.

बिघाड ओळखायची खूण: करवत रेषा सोडून एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा झुकाव जास्त आहे. पातं आडवं ठेवून त्या बाजूच्या दातांवरून बारीक दगड एकदा हलका फिरवायचा, मग कापून पाहायचं. दोनदा फिरवायची वेळ सहसा येत नाही.

भाषांतरात 'करवतीच्या दातांचा झुकाव तपासा' लिहा. 'सेट तपासा' असं वाचून कोणी दात मोजत बसेल.

कानामात्रा
रंधा_पटाशी, हे नुसतं वाचून करवत समोर दिसली. 'सेट द नेल'चंही सांगाल का?

रंधा_पटाशी
खिळ्याचं डोकं लाकडाच्या पृष्ठभागाच्या खाली उतरवणे. हातोडी शेवटच्या दोन मिलिमीटरला थांबवायची, नाहीतर लाकडावर हातोडीचा चंद्र उमटतो. मग डोक्यापेक्षा किंचित लहान तोंडाचा पंच ठेवून एक-दोन ठोके. डोकं एक ते दोन मिलिमीटर आत गेलं की वरच्या खळग्यात लांबी (खळगे बुजवायचा लगदा) भरायची, वाळली की घासायची. 'डोकं आत बसवा' म्हणा. इथे मुळाक्षर यांचं 'बसवणे' चपखल बसतं.

वकीलपत्र
कोर्टात हा शब्द फार जपून हाताळावा लागतो. तीन नमुने देतो.

'सेट असाइड' म्हणजे रद्द करणे. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 मधल्या आदेश 9 नियम 13 प्रमाणे एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं किंवा गैरहजेरीला पुरेसं कारण होतं, हे दाखवावं लागतं. मुदत 30 दिवस. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून. याचं 'हुकूमनामा बाजूला ठेवला' असं भाषांतर वाचण्यात येतं. ते घातक आहे. बाजूला ठेवलेली वस्तू नंतर उचलता येते. रद्द झालेला हुकूमनामा उचलता येत नाही, दावा पुन्हा चालतो.

'सेट ऑफ' म्हणजे वजावट. आदेश 8 नियम 6 मध्ये प्रतिवादी आपलं निश्चित रकमेचं येणं वादीच्या मागणीतून वजा मागू शकतो. फौजदारीत खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्ये आहे.

'सेट डाउन फॉर हिअरिंग' म्हणजे सुनावणीसाठी लावणे. 'मॅटर आज बोर्डावर लागलंय' यातलं 'लागणे' तेच.

जमाखर्च
आयकरातही सेट ऑफ म्हणजे तोट्याची वजावटच. तिथे कोणता तोटा कशातून वजा होतो याचे नियम आहेत. दीर्घकालीन भांडवली तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून होतो. उरलेला तोटा 8 वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. 'समायोजन' हा सरकारी शब्द आहे, पण 'वजावट' लगेच कळतं.

खिळेजुळणी
छापखान्यात 'सेट ऑफ'चा अर्थ पुन्हा निराळा. ताज्या छापलेल्या कागदाची ओली शाई वर पडलेल्या कागदाच्या पाठीला लागते, तो सेट ऑफ. ते होऊ नये म्हणून यंत्राच्या शेवटी कागदांवर बारीक स्टार्चची भुकटी उडवतात, म्हणजे दोन कागदांत केसाएवढं अंतर राहतं. थप्पीही फार उंच करायची नाही.

आणि वाळू_सिमेंट, अस्थिसंधी, तुमचा मुद्दा शाईलाही लागू आहे! शाईतला पातळ तेलाचा अंश कागदात शोषला गेला की वरची शाई घट्ट होते, काही मिनिटांत. ते सेटिंग. बोट हलकं टेकवलं तर लागत नाही, पण घासलं तर फराटा उठतो. नंतर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती पूर्ण वाळते, त्याला तास लागतात. गुळगुळीत आर्ट पेपर लगेच उलटून दुसरी बाजू छापली की पहिली बाजू खराब होते ती याच घाईमुळे.

'टाइप सेट करणे'ला मात्र आपल्याकडे सुंदर शब्द होता, खिळे जुळवणे. खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. हे काम करणारा तो जुळारी. त्याच्या डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी) असायची आणि उजव्या हाताने पेटीतल्या घरातून एकेक खिळा उचलून तो उलटा ठेवायचा. ओळ डावीकडून उजवीकडेच वाढायची, पण अक्षरं डोक्यावर उभी. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार वेगळे असल्यामुळे त्याच्यापुढची घरं इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. खिळे गेले, पण 'अक्षरजुळणी' पुस्तकांच्या श्रेयपानावर अजून छापली जाते. तुमच्या पुस्तिकेतही तीच छापा.

शेवंती_७
सिमेंट, प्लास्टर, शाई, तिघांची एकच गत. मग दह्याचंही सांगते. दूध उकळून 40 ते 43 अंशांवर आणायचं, करंगळी दहा आकडे मोजेपर्यंत सुखाने ठेवता येते इतपत. लिटरला दीड-दोन चमचे विरजण, नीट मिसळून. नंतर भांडं हलवायचं नाही. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्लता पुरेशी वाढली की दुधातलं केसीन जाळं धरतं. जाळं धरायच्या वेळी भांडं हललं तर ते तुटतं आणि पाणी सुटतं. 50 अंशांच्या वर विरजण घातलं तर जिवाणू दगावतात, गार दुधात घातलं तर दही उशिरा लागतं आणि तार येते. लागलेलं दही लगेच कापू नये. फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवलं की वडी पडते. म्हणजे आधी 'लागणे', मग 'घट्ट होणे'. इथेही दोन पायऱ्या आणि दोन शब्द.

अननस
जेलीत कच्चा अननस किंवा कच्ची पपई घातली तर ती कधीच धरत नाही, कितीही तास ठेवा. त्यांतली पाचक द्रव्यं जिलेटिनचं प्रथिन तोडतात. फळ आधी उकळून घ्या, नाहीतर चायना ग्रास वापरा. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्यात प्रथिन नाही, म्हणून चालतं. ते 35 ते 40 अंशांच्या आसपास आपोआप धरतं आणि पुन्हा वितळायला 85 अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात टेबलावर पाझरत नाही.

उसाचा_फड
शेतीत दोन सेट आहेत.

एक उसाचा. इंग्रजी पुस्तकात 'सेट' पाहिला की तो दोन 'टी'चा आहे का बघा. तो म्हणजे लागणीसाठी तोडलेला कांड्याचा तुकडा. आपल्याकडे त्याला टिपरी म्हणतात आणि टिपरी डोळ्यांवरून ओळखतात. दोन डोळ्यांची टिपरी हेक्टरी साधारण 25,000 लागतात. बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं, रसरशीत, डोळे फुगलेलं घ्यायचं. खोडव्याचं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) किंवा तुरा आलेलं घ्यायचं नाही. कोयता धारदार हवा, कांडं चिरलं तर तिथून बुरशी शिरते. दोन डोळ्यांची टिपरी सरीत मांडताना डोळे दोन्ही बाजूंना येतील अशी ठेवायची. एक डोळ्याची असेल तर डोळा वर. डोळा खाली गेला तर कोंब वळसा घेऊन वर येतो, उगवण मागे-पुढे होते आणि फड सारखा दिसत नाही.

दुसरा फळबागेचा. डाळिंबवाले 'सेटिंग झाली' म्हणतात. अर्थ फळधारणा, पण मी 'सेटिंग'च्या बाजूने बोलतो. बागेत चार माणसं उभी राहिली की तोच शब्द चालतो आणि त्याला नेमका अर्थ आहे: फूल गळायचं थांबून गाठ धरली. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी निमुळतं, घंटेसारखं असतं ते नर फूल, ते गळतंच. त्याला औषध मारून उपयोग नाही. बुडाशी फुगीर, कळशीसारखं असतं त्यालाच फळ धरतं. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचं नाही, मधमाश्या गेल्या की सेटिंग गेली.

कानामात्रा, 'सेट' आला की मराठी शब्द मेला असं नेहमी होत नाही. काही ठिकाणी तो आपल्या मातीत रुजला आहे.

कानामात्रा
मान्य. जो शब्द बागेत उभं राहून वापरला जातो तो मराठीच. माझी तक्रार जिथे तो काहीच सांगत नाही तिथली आहे.

चार_जबडे
वर्कशॉपमध्येही 'सेटर' हे पद आहे आणि ते आदराचं आहे. लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, ट्रू करणं, म्हणजे नेमका मध्यावर आणणं, हे त्यातलं पहिलं काम. जॉबवर डायल (बारीक फरक मोजणारं काट्याचं साधन) टेकवायचा, चक हाताने फिरवायचा, समोरासमोरच्या दोन जबड्यांशी आकडा वाचायचा. समजा एका जबड्याशी 0 आणि समोरच्याशी 0.40 मिलिमीटर आलं, तर जॉब 0.40 नव्हे, 0.20 सरकवायचा. कारण फरक दोन्ही बाजूंचा मिळून दिसतो. आधी कमी आकड्याचा जबडा सैल, मग समोरचा घट्ट. मग उरलेली जोडी. शेवटी चारही थोडे-थोडे आवळून पुन्हा वाचायचं, कारण आवळताना जॉब हलतो.

लंबक
गणितातला संच कोणी घेतलाच नाही. नववीच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण. तिथे अट अशी की एक घटक दोनदा लिहायचा नाही आणि क्रमाला महत्त्व नाही. मग सहा सारख्या कपांचा सेट गणिताच्या हिशोबाने एकच घटक की सहा?

मुळाक्षर
सहाच. कप दिसायला सारखे असले तरी सहा वेगवेगळ्या वस्तू आहेत. अक्षर दोनदा लिहिलं तर ती एकाच वस्तूची दोन नावं होतात, इथे वस्तूच सहा आहेत. एक फुटला की सेट मोडतो ना, तो त्याचा पुरावा.

नेटजवळ
टेनिसमध्ये सहा गेम आणि दोनाची आघाडी म्हणजे सेट, 6-6 झाले की टायब्रेक. विम्बल्डनला शेवटच्या सेटमध्ये पूर्वी टायब्रेक नव्हता, म्हणून 2010 मध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट 70-68 वर संपला. सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटं चालला. 2022 पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला 6-6 नंतर दहा गुणांचा टायब्रेक आहे.

व्हॉलीबॉलमध्ये सेट 25 गुणांचा, पाचवा 15 चा. आणि स्मॅश मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारा तो सेटर. मैदानावर 'बॉल उचल' म्हणतात, 'सेट कर' नाही.

सुकाणू
जहाजावर 'सेट' म्हणजे प्रवाह ज्या दिशेला वाहतो ती दिशा. 'सेट 090, ड्रिफ्ट 2 नॉट' म्हणजे पाणी ताशी 2 सागरी मैलांनी पूर्वेकडे चाललंय. वाऱ्याचं नेमकं उलटं असतं. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून येणारा. नवख्याने हे दोन एकत्र धरले तर दुरुस्ती चुकीच्या बाजूला होते. शीड मात्र आपण 'लावतो' किंवा 'चढवतो'.

शेवंती_७
'सेट द टेबल' राहिलं. पानं घेणे! 'पानं घ्या' म्हटलं की पाट, पाणी, ताट-वाट्या, मीठ, लिंबू, सगळं त्यात आलं. ते वाढण्याआधीचं काम. 'टेबल सेट कर'मध्ये लिंबू येत नाही.

पडदा_वर
नाटकात सेट 'लावतात' आणि प्रयोग संपला की 'काढतात'. सिनेमात तो 'उभारतात' आणि 'तोडतात'. फरक कामातूनच आलाय. नाटकाचा सेट दुसऱ्या गावी पुन्हा उभा करायचा असतो, म्हणून त्याचे फ्लॅट (भिंतीसारख्या चौकटी) खणाखणांत सुटे होतात. 'नेपथ्य' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पडद्यामागची नटांची रंगभूषेची जागा. मराठीत तो पुढे आला आणि सेटला चिकटला.

थर्मामीटर
एसी 24 वर 'सेट' केला म्हणजे खोली 24 झाली असं नाही. तो आकडा म्हणजे कुठे थांबायचं त्याची सूचना. साध्या कॉम्प्रेसरचा एसी 16 वर ठेवला तरी तो लवकर थंड करत नाही, फक्त उशिरा थांबतो. इथे 'लावणे' ठीक: गजर लावतो तसा एसी 24 वर लावा.

कानामात्रा
सगळ्यांचे मनापासून आभार. ते पान आता असं लिहिलंय, तपासा:

'खड्डा खांबाच्या रुंदीच्या तिप्पट रुंद घ्या. खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत जाईल इतकी खोली ठेवा. तळाशी सहा इंच खडी घाला. खांब रोवा. काँक्रीट ओता. खांब ओळंब्यात (दोरीला टांगलेल्या वजनाच्या सरळ उभ्या रेषेत) आणा. काँक्रीट आवळू द्या. आडव्या पट्ट्या कापण्यापूर्वी करवतीच्या दातांचा झुकाव तपासा. पट्ट्या ठोकल्यावर खिळ्यांची डोकी आत बसवून लांबी भरा.'

रंधा_पटाशी
शेवटची दोन वाक्यं अगदी हवी तशी. मात्र ओळंबा काँक्रीटच्या आधी यायला हवा. आणि तो एकाच बाजूने धरून चालत नाही, शेजारच्या दोन बाजूंनी पाहावा लागतो. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने झुकलेला असू शकतो.

वाळू_सिमेंट
आणि टेकू लिहायचे राहिले. खांब ओळंब्यात आणला की दोन बाजूंनी तिरपे टेकू ठोका, मग काँक्रीट ओता आणि पुन्हा एकदा ओळंबा पाहा, कारण ओतताना खांब सरकतो. वरचा थर खांबापासून बाहेर उतरता करा, नाहीतर पाणी बुडाशी साचून लाकूड कुजतं. 'आवळू द्या'च्या पुढे हे लिहा: 'टेकू दोन दिवस काढू नका. सात दिवस काँक्रीट ओलं ठेवा.' पट्ट्यांची ठोकाठोक टेकू काढल्यानंतर.

कानामात्रा
बदललं. 'खांब रोवा. शेजारच्या दोन बाजूंनी ओळंब्यात आणून तिरपे टेकू द्या. काँक्रीट ओता, ओळंबा पुन्हा पाहा. वरचा थर बाहेरच्या बाजूला उतरता करा. काँक्रीट आवळलं तरी टेकू दोन दिवस राहू द्या.' पुढचं प्रकरण फरशीचं आहे, त्यात 'सेट' नऊ वेळा आहे.

वाळू_सिमेंट
फरशीचं पान इथेच टाका.